खटका

हरेशभावजींनी पोट कमी करायला घेतलेली सायकल,
जाड टायरची, एकवीस गिअरची,
दोनदा गवळीदेवच्या वाटेला लागली
आणि तिसऱ्या रविवारपासून जिन्याखाली
तिच्यावर ओल्या गोण्या वाळत पडल्या.
आम्ही दोघी जावांनी ती बाहेर काढली.

मी पाच फुटाला एक बोट कमी.
प्रणोती उरणची, दाराच्या चौकटीला वाकणारी.
सायकल एक, सीट एक,
सीटच्या दांड्याला एक खटका.
तो उघडायचा, दांडा सरकवायचा, पुन्हा दाबायचा;
तळहातावर ठसा उठला
की समजायचं, बसली.

माप तिनेच शिकवलं.
भिंतीला धरून बस, टाच पॅडलवर ठेव,
पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ हवा
आणि कंबर कलता कामा नये.
म्हटलं, माझी तर टाच पोचतच नाही.
ती हसत हसत खाली घेत गेली,
सीट नळीच्या तोंडाला टेकायला आली
तिथे मी मरून नेलपॉलिशची रेघ ओढली.
तिची रेघ व्हाइटनरची,
कंपनीने कोरलेल्या 'याच्यावर नको'च्या
जेमतेम नखभर खाली.
मध्ये माझी पाच बोटं.

पहाटे पाचला ती, साडेसहाला मी.
ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडायचा,
एमआयडीसीत नाक दाबायचं,
मग चढ.
चढाला सीट पूर्ण मापाची हवी,
नाहीतर गुडघे संध्याकाळी हिशेब मागतात.
उतरताना मात्र दोन बोटं खाली.
हे कळायला मला एकदा
खडीवर कोपर सोलून घ्यावं लागलं.

माघात घरात खटका उडाला.
कशावरून, ते नीट सांगता येणार नाही.
टाकीच्या पाण्यावरून सुरू झालं
आणि माझ्या माहेरापर्यंत गेलं.
चुली वेगळ्या झाल्या, तिची वर, माझी खाली.
पाटा, कोयते, सुकटीचे डबेसुद्धा वाटले.
सायकलचं कुणी नाव काढलं नाही.

मी उठेपर्यंत ती येऊन गेलेली असे.
सीट तिच्या रेघेवर; मी खाली करायची.
परतले की तशीच सोडायची; तिने वर करायची.
कधी सीट व्हाइटनरच्या दोन बोटं खाली,
म्हणजे आज डोंगर चढून आली.
कधी खटका इतका आवळलेला
की मला बत्ता आणावा लागे,
म्हणजे काल वर जेवणं नीट झाली नसणार.
कधी सायकल जागची हललेली नाही,
सीट माझ्याच रेघेवर,
आणि जिन्यातून खोकल्याचा आवाज.

गौरी आल्या, गेल्या. तेव्हाही बोललो नाही.

नवरात्रात एका सकाळी
चाकांना ओला चिखल, म्हणजे ती जाऊन आलेली,
आणि सीट मरून रेघेवर.
दांडा पुसलेला, ग्रीस लावलेलं,
करकर बंद.
माझी पुसटलेली रेघ नव्याने ओढलेली,
माझ्याकडे नसलेल्या गुलाबी रंगात.

मी चढले. वर थांबून पाणी प्यायले.
खाली घणसोलीची खाडी, तिच्या अलीकडे टॉवर,
टॉवरांच्या मधे कुठेतरी आमचं गाव.
उतरल्यावर सायकल तशीच ठेवणार होते.
मग सीट वर केली, व्हाइटनरपर्यंत.
उन्हाळ्यात तिचं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं
(मला वाण्याकडून कळलं),
म्हणून खटका हलकाच दाबला.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला
अंगणातून आवाज, अख्खी आळी उठेल असा:
"ताई, खटका ढिला ठेवलास!
नाक्यावर पोचले नाही तर सीट तळाला!"
आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य.

मी चूळ भरत होते. तशीच बाहेर आले.
म्हटलं, "ग्रीस तू जास्त लावलंस."